रूळ लहान, पाऊस तेवढाच

१९६८ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात लेमान या जुन्या कंपनीने एक आगगाडी मांडली, तेव्हा बाजाराचा ओढा नेमका उलट्या दिशेला होता. युद्धानंतरच्या युरोपात घरं लहान होती, म्हणून घरात मांडायच्या गाड्याही आक्रसत चालल्या होत्या. न्यूरेंबर्गच्याच आर्नोल्ड कंपनीने काही वर्षांपूर्वी ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणारी गाडी आणली होती आणि पुढे चार वर्षांनी मार्कलिन कंपनी थेट ६.५ मिलिमीटरवर येणार होती. लेमानने मात्र ४५ मिलिमीटरचा रूळ निवडला. मीटर गेजवरची डोंगरी, आडवळणी इंजिनं साडेबावीस पटींनी लहान केली की ती या रुळावर बसतात. हे माप मांडीवर घेऊन बसण्याएवढं मोठं असल्याने ते दिवाणखान्यात मावेना, आणि कंपनीला ते तिथे मावायलाही नको होतं. ‘एलजीबी’ या नावाने ओळखली जाणारी ही गाडी घराबाहेर, उघड्या आभाळाखाली चालावी म्हणून बनवली होती. तिच्यामुळे बागेत रेल्वे टाकण्याचा छंद जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेत हजारो घरी पोचला. या छंदाकडे बहुतेक जण मोठ्या माणसांचं महागडं खेळणं म्हणून पाहतात. या प्रकरणात मांडायचं आहे ते वेगळं. गाडी उंबरठा ओलांडून बाहेर पडली की ती मोठ्या रेल्वेची नुसती प्रतिकृती राहत नाही, तिला स्वतःच्या हिमतीवर रेल्वे व्हावं लागतं. कारण गाडी लहान करता येते, निसर्ग लहान करता येत नाही.

या अडचणीचं गणित गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडून ठेवलं आहे. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी सारखी लहान केली, तरी तिचे गुणधर्म सारखे कमी होत नाहीत. प्रमाण एकास साडेबावीस धरलं तर लांबी साडेबावीस पटींनी घटते, पृष्ठभाग सुमारे ५०६ पटींनी आणि घनफळ, म्हणजेच वजन, ११,३९० पटींनी. २० टनांचं इंजिन या हिशेबाने पावणेदोन किलोंचं होतं आणि ७० किलोंचा ड्रायव्हर जेमतेम सहा ग्रॅमचा. लांबी, पृष्ठभाग आणि वजन यांची फारकत झाली की यंत्राचा सगळा तोल बदलतो. त्यातच काही गोष्टींना कोणताच भागाकार लागू होत नाही. तीन मिलिमीटरचा पावसाचा थेंब गाडीच्या जगात पावणेसात सेंटिमीटरचा गोळा होऊन आदळतो. रुळावर ऊन खात बसलेलं मांजर तिथे साडेपाच मीटर उंचीचं जनावर असतं. गोगलगाईचा चिकट माग, झाडाचा डिंक, सुकलेलं पान, बागेत वावरणाऱ्या माणसाचा पाय, हे सगळं पूर्ण मापाचंच राहतं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयासारख्या ठिकाणी गाडी छपराखाली असते, तिथला डोंगर आणि झाडं माणसाने हवी तशी, हव्या त्या प्रमाणात बनवलेली असतात. तिथे निसर्गच मॉडेलचा भाग असतो. बागेत नेमकं उलटं होतं, मॉडेल निसर्गाचा भाग होऊन बसतं.

याचा पहिला पुरावा रुळातच सापडतो. बागेतल्या रेल्वेत सर्वाधिक चालणारा पितळी रूळ ०.३३२ इंच, म्हणजे सुमारे ८.४ मिलिमीटर उंच असतो. त्याला साडेबावीसने गुणलं तर १९ सेंटिमीटर येतात. भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवर मोठमोठ्या मालगाड्या पेलणारा ६० किलोचा रूळही १७.२ सेंटिमीटरच उंच असतो, आणि ज्या मीटर गेज लायनींची ही नक्कल, त्यांचे रूळ तर त्याहून कितीतरी हलके. म्हणजे कागदावर पाहिलं तर एखाद्या आडबाजूच्या छोट्या लायनीला देशातल्या सर्वांत भारी मार्गापेक्षा दणकट रूळ घातले आहेत. प्रतिकृती म्हणून ही ढोबळ चूक म्हणावी लागेल, पण रेल्वे म्हणून हा निर्णय अचूक आहे. या रुळावरचा सर्वांत मोठा भार पावणेदोन किलोंच्या इंजिनाचा नसतो, पाणी घालताना चुकून पाय देणाऱ्या माणसाचा असतो, आणि माणसाच्या वजनाला साडेबावीसने भागता येत नाही. चाकांचंही तसंच आहे. चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली कड या गाड्यांत प्रमाणापेक्षा बरीच खोल ठेवतात, कारण खडी इकडेतिकडे सरकणार, एखादा बारीक खडा रुळावर येणार आणि त्यावरून चाक उचललं जाणार, हे आधीच धरून चाललेलं असतं. खऱ्या रेल्वेचा अभियंताही रुळाची जाडी ठरवताना सुंदर काय दिसेल हे पाहत नाही, सर्वांत वाईट भार कोणता येईल ते पाहतो. बागेत तोच प्रश्न विचारला जातो, फक्त उत्तर वेगळं येतं.

रुळाखालच्या जमिनीत हा फरक आणखी ठळक होतो. मोठ्या रेल्वेची खडी साधारण ५० मिलिमीटरची. ती प्रमाणात लहान केली की दोन मिलिमीटरची भरड वाळू उरते, आणि अशी वाळू पहिल्याच जोरदार सरीत रुळाखालून वाहून जाते. पाणी कोणता कण हलवू शकतं हे त्या कणाच्या खऱ्या आकारावर ठरतं, तो कशाची नक्कल करतोय याच्याशी पाण्याला देणंघेणं नसतं. म्हणून जाणकार मंडळी तीन ते सहा मिलिमीटरची, कडा असलेली फुटकी कच वापरतात. नदीतले गोल खडे दिसायला छान, पण ते एकमेकांवरून घरंगळतात. कोनदार कच एकमेकांत अडकून बसते आणि स्लीपरला धरून ठेवते. मोठ्या रेल्वेत दगड फोडूनच खडी का करतात, त्याचं कारणही हेच. या कचेखाली वीतभर चर खणून त्यात जाड खडी भरावी लागते, म्हणजे पाणी साचत नाही. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये जमिनीतलं पाणी गोठून माती उचलली जाते, त्याचा बंदोबस्त या चराने होतो. आपल्या देशावरच्या काळ्या मातीत गोठण्याचा धोका नाही, पण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेला रूळ दोन ऋतूंत वेडावाकडा होणार यात शंका नाही.

मग खाली काँक्रीट घालून रूळ त्यावर पक्के खिळवले तर? अनेकांना हाच उपाय आधी सुचतो. पण पितळ तापलं की लांबतं. तापमान ४० अंशांनी वाढलं तर दहा मीटर पितळी रूळ साडेसात मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. पहाटेचा गार रूळ आणि भर दुपारी हाताला चटका देणारा रूळ यांत एवढा फरक सहज पडतो. ती वाढ कुठेतरी जिरली पाहिजे. खिळवलेला रूळ मग बाजूला फुगतो किंवा स्लीपरच्या पकडी मोडतो. म्हणून काँक्रीटचा पाया घातला तरी रूळ त्यावर मोकळा ठेवतात, सांध्यांत बारीक फट सोडतात आणि भोवती कच भरतात. इथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. उष्णतेने होणारी वाढ ही लांबीच्या प्रमाणात असते, त्यामुळे मोठ्या रेल्वेला जो हिशेब तोच इथेही लागू पडतो. काही नियम लहान मापात पूर्ण बदलतात, तर काही जसेच्या तसे उतरतात. कोणते बदलतात आणि कोणते टिकतात याची पारख करणं, हेच बागेत रेल्वे टाकण्यातलं खरं काम.

चढाचं उदाहरण घेऊ. चढ म्हणजे उंची आणि अंतर यांचं गुणोत्तर, त्याला माप चिकटलेलं नसतं. बोरघाटातला ३७ला १ चढ बागेतही ३७ला १च राहतो, दहा मीटरला २७ सेंटिमीटर. नेरळ-माथेरानचा २०ला १ चढ म्हणजे दहा मीटरला अर्धा मीटर. चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणाचंही असंच. धातूच्या कोरड्या रुळावर इंजिन आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा जोर लावू शकतं, त्यापुढे चाकं जागच्या जागी फिरतात. समजा इंजिन दोन किलोंचं आहे. म्हणजे ओढ ४०० ग्रॅमची. डब्यांच्या आसांत घर्षणाने दर किलोमागे ३० ग्रॅम ओढ खर्च होते असं धरलं, तर सपाटीवर ते सुमारे १३ किलोंचे डबे नेईल. ५०ला १ चढावर हा आकडा सात किलोंवर येतो आणि २५ला १ चढावर साडेचार किलोंवर. बागेत डोंगर दिसावा म्हणून हौसेने केलेला चढ गाडीचे दोन तृतीयांश डबे कापून नेतो. सव्वादोन किलोंचा एक डबा धरला, तर सहा डब्यांची गाडी दोनांवर येते. आता मोठ्या रेल्वेशी तुलना करू. तिची चाकं इतकी सहज फिरतात की सपाटीवर टनामागे तीन-चार किलोंची ओढ पुरते, पण ३७ला १ चढावर टनामागे आणखी २७ किलो लागतात, म्हणजे जवळजवळ आठ-दहापट. म्हणूनच घाटात गाडीला मागून जोर देणारी इंजिनं जोडावी लागतात. बागेतल्या गाडीला सपाटीवरच जास्त ओढ लागते, त्यामुळे चढाचा फटका तिला त्या मानाने कमी बसतो. नियम एकच, पण दोन्हीकडे तो वेगळ्या जागी बोचतो.

वळणांत ही फारकत आणखी मजेशीर होते. स्वित्झर्लंडमधला बर्निना मार्ग मीटर गेजचा असून वाकडेपणात जगातल्या नावाजलेल्या मार्गांपैकी आहे. दातेरी रुळांचा आधार न घेता तो शेकडा सात इतका चढ चढतो आणि त्याच्या सर्वांत घट्ट वळणाची त्रिज्या ४५ मीटर आहे. साडेबावीसने भागलं तर ती दोन मीटर भरते. पण एलजीबीच्या सुरुवातीच्या संचातल्या वळणाची त्रिज्या फक्त ६० सेंटिमीटर, खऱ्या मापात साडेतेरा मीटर. कोणताही रेल्वे अभियंता असं वळण आखणार नाही. तरीही गाडी त्यावरून बिनबोभाट जाते, कारण वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. ताशी ४० किलोमीटरचा भास होण्यासाठी या गाडीला ताशी पावणेदोन किलोमीटरच धावावं लागतं. सावकाश चालणारा माणूसही तिला मागे टाकतो. वेग आणि त्रिज्या दोन्ही साडेबावीस पटींनी कमी केले की तो जोर वजनाच्या तुलनेत साडेबावीस पटींनी घटतो. म्हणून मोठ्या रेल्वेत वळणावर बाहेरचा रूळ उचलावा लागतो, तर बागेत तसं करणं केवळ दिसण्यापुरतं उरतं. पण इथे निसर्ग सूट देतो म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. घट्ट वळणावर लांब डबे एकमेकांना आतल्या बाजूला ओढतात, चाकांच्या कडा रुळाला घासतात, आणि चढ व वळण एकत्र आले की इंजिन हमखास अडतं. शिवाय या डब्यांना बहुधा स्प्रिंगा नसतात. एका बाजूचा रूळ थोड्याच अंतरात तीन मिलिमीटर खचला, तर चार चाकांपैकी एक अधांतरी राहतं आणि वळण आलं की गाडी घसरते. घसरण झाली की हौशी लोक इंजिनाला दोष देतात, पण चूक बहुधा त्या तीन मिलिमीटरांत असते.

वाऱ्याचा हिशेब तर कोणालाही पटण्यासारखा आहे. ताशी ६० किलोमीटरचा वारा उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण १७ किलोंचा दाब देतो. २० टनांच्या, ४० चौरस मीटर बाजू असलेल्या डब्यावर हा दाब ६८० किलो होतो, म्हणजे वजनाच्या शेकडा साडेतीनहून कमी. डबा जागचा हलत नाही. त्याच डब्याची हुबेहूब प्रतिकृती पावणेदोन किलोंची आणि तिची बाजू ०.०८ चौरस मीटर. तिच्यावर येणारा दाब सव्वा किलोच्या पुढे जातो. अर्ध्याहून अधिक वजनाएवढा जोर आडव्या दिशेने आला तर ४५ मिलिमीटरच्या पायावर उभा डबा आडवा होणारच. म्हणून बागेतल्या डब्यांच्या तळाशी वजन भरतात, उंच मार्गाच्या कडेला झुडपं लावतात आणि वादळी दिवशी गाडी काढत नाहीत. ही काळजी कोणत्याही प्रतिकृतीच्या नियमावलीत सापडणार नाही. उघड्या जागेत वाहतूक चालवणाऱ्या प्रत्येकाला मात्र ती घ्यावीच लागते.

विजेवर चालणाऱ्या गाडीत अडचण अशा जागी निघते जिथे कोणी पाहत नाही. रुळातून वीज जाते, तेव्हा लांब रुळांत ती विरत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पितळी रूळ इतका जाड असतो की दहा मीटरमध्ये तो विजेला फारसा अडवत नाही. अडवतात ते सांधे. दोन रुळांना जोडणाऱ्या पट्टीखाली पाणी शिरतं, पितळ काळं पडतं, आणि गाडी त्या सांध्यापुढे मंदावते. अनुभवी माणूस म्हणून प्रत्येक सांध्यावर तांब्याची तार डागतो किंवा स्क्रूने आवळायच्या पकडी बसवतो. काही जण रुळातली वीजच सोडून देतात. एका डब्यात बॅटरी आणि हातात रेडिओचा नियंत्रक, मग रूळ गंजला काय आणि मळला काय. यात गंमत अशी की मोठ्या रेल्वेनेही विजेच्या आणि डिझेलच्या गाड्यांबाबत हाच तोलमोल केलेला आहे: इंजिनाने शक्ती सोबत बाळगायची की वाटेतून घ्यायची. बागेतल्या रेल्वेत हा प्रश्न कुणी पुस्तकातून आणून घातलेला नाही, तो पावसाने विचारलेला आहे.

तरीही या सगळ्याची सर्वांत कडक परीक्षा वाफेच्या इंजिनात होते. इथे विजेची मोटर वाफेचं सोंग आणत नाही, तांब्याच्या बॉयलरमध्ये खरंखुरं पाणी उकळतं. इंजिन पेटवण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी सांध्यांना तेल आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जाणारं जाड तेल त्याच्या डबीत, मग बॉयलरमध्ये मऊ पाणी, शेवटी ब्यूटेन गॅस. गॅसचा कान किंचित उघडून धुराड्याच्या तोंडाशी ज्योत धरली की आग ‘फप्’ आवाज करून आतल्या नळीत उतरते. काही मिनिटांत दाबाचा काटा चढू लागतो. पहिल्या वेळी इंजिन पुढेमागे ढकलावं लागतं, कारण थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी साचलेलं असतं आणि ते धुराड्यातून शिंतडत बाहेर पडतं. गॅस टाकीतून निघताना टाकीला गार करतो, थंडीत त्याचा दाब पडतो आणि ज्योत मलूल होते. म्हणून काही इंजिनांत टाकीभोवती कोमट पाणी ठेवायची सोय केलेली असते. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये आगीचे वायू नेणाऱ्या शेकडो नळ्या असतात, प्रत्येक सुमारे ५० मिलिमीटरची. त्या प्रमाणात लहान केल्या तर दोन मिलिमीटरच्या होतील, काजळीने तुंबतील आणि त्यांतून धूर खेचलाच जाणार नाही. शिवाय लहान बॉयलरला पाण्याच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणजे उष्णताही झपाट्याने निसटते. म्हणून बहुतेक छोट्या इंजिनांत शेकडो नळ्यांऐवजी एकच रुंद नळी असते.

ही गोष्ट वादातून सिद्ध झालेली आहे. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘मॉडेल इंजिनियर’ या नियतकालिकातून छोट्या बॉयलरवर मोठं रण माजलं. छोट्या इंजिनाने कोळसा जाळून खऱ्या इंजिनासारखं काम करणं शक्य नाही, स्पिरिटचा दिवा लावलेला साधा बॉयलरच बरा, असं तेव्हाच्या नामांकित मंडळींचं मत होतं. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने आपल्या अडीच इंच गेजच्या, कोळशावर चालणाऱ्या ‘आयेशा’ नावाच्या इंजिनाला जिवंत, धडधाकट माणूस ओढायला लावून हे मत खोडून काढलं. त्याच्या यशाची मेख अशी की त्याने मोठ्या बॉयलरची मापं मुकाट्याने भागून घेतली नाहीत. नळ्या कमी आणि रुंद, आगीची पेटी ऐसपैस, वाफेचे मार्ग मोकळे. बाहेरून ते खऱ्या इंजिनासारखं दिसत होतं, आतून ते स्वतःच्या मापासाठी नव्याने विचार करून बांधलेलं होतं. प्रमाणाशी बेइमान झालं तेव्हाच ते कामाशी इमानदार ठरलं.

याच विचाराची मुळं आणखी मागे, डर्बीशायरमधल्या सर आर्थर हेवूड यांच्या वाडीत सापडतात. त्यांनी १८७४ साली डफील्ड बँक इथे आपल्या जमिनीवर १५ इंच गेजची रेल्वे टाकायला घेतली. त्याआधी ९ इंच गेज करून पाहिलं, पण माणूस बसला की डबे डळमळत. माणसाचं वजन आणि तोल लक्षात घेता सुरक्षित राहणारं सर्वांत लहान गेज १५ इंचच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांची इंजिनं मुख्य मार्गावरच्या कोणत्याही इंजिनाची नक्कल नव्हती. पुढे १८९६ साली त्यांनीच ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या ईटन हॉल इस्टेटीवर अशीच रेल्वे बांधली, आणि ती कोळसा व इतर माल वाहून नेण्याच्या कामी आली. १९०५च्या सुमाराला नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने त्याच १५ इंच गेजवर ‘लिटल जायंट’ हे मुख्य मार्गावरच्या इंजिनासारखं दिसणारं छोटं इंजिन आणलं. ते प्रदर्शनं आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या फेरफटक्यांसाठी होतं. दिसण्याच्या या परंपरेलाही शेवटी निसर्गापुढे नमतं घ्यावं लागलं. १९२७ साली सुरू झालेल्या रॉमनी, हाइद अँड डिमचर्च रेल्वेचा रूळ मोठ्या रेल्वेच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा रुंद, पण तिची इंजिनं सुमारे एक तृतीयांश मापाची. ड्रायव्हरला बसायला आणि बॉयलरला दम यायला तेवढी जागा हवीच होती. या रेल्वेने केंटमधल्या शाळकरी मुलांची वर्षानुवर्षं ने-आण केली.

इथवरच्या युक्तिवादावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे. प्रमाणालाच तिलांजली दिली तर मॉडेल कसलं? आणि बागेतल्या रेल्वेत प्रमाणाची आबाळ झालेली आहे, हे कबूल केलंच पाहिजे. त्याच ४५ मिलिमीटरच्या रुळावर मीटर गेजची एकास साडेबावीसची गाडी धावते, प्रमाण (स्टँडर्ड) गेजच्या मार्गांची एकास बत्तीसची धावते, अमेरिकी तीन फुटी गेजची एकास २०.३ची धावते आणि अमेरिकी कंपन्यांनी रुजवलेली एकास २९चीही धावते. या शेवटच्या प्रमाणाचा तर्क कोणत्याच गेजशी जुळत नाही. त्या मापात प्रमाण गेजचा रूळ ४९.५ मिलिमीटर हवा. पण गाडी एलजीबीशेजारी किडमिडी दिसू नये म्हणून ती जरा फुगवली गेली. नेमकेपणाची ज्यांना चाड आहे, त्यांना हे खटकणं रास्त आहे. ब्रिटनमध्ये त्यावर शिस्तीची वाटही आहे. एकास १९ हे प्रमाण आणि ३२ मिलिमीटरचा रूळ घेतला की दोन फुटी गेज चपखल बसतं. १९०७ साली सुरू झालेली आपली नेरळ-माथेरान लाइन दोन फुटी आहे, त्यामुळे तिची बागेतली आवृत्ती करायची तर याच मापात करावी. पण या आक्षेपातून सिद्ध इतकंच होतं की बागेतली रेल्वे चित्र म्हणून कमी पडते. माझं म्हणणं त्याने खोटं ठरत नाही. उलट रुळाची उंची, चाकाची कड, बॉयलरची नळी, यांतलं प्रत्येक तडजोडीचं माप हेच सांगतं की इथे दिसण्यापेक्षा चालण्याला वरचढ ठरवावं लागलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रेल्वे म्हणजे नुसते रूळ आणि इंजिन नव्हे. प्रवासी, मालभाडं, वेळापत्रक, जमिनीचे खटले, कामगार, अपघाताची जबाबदारी हे सगळं मिळून रेल्वे होते. बागेत यातलं काहीच नसतं. गाडी घसरली तर कुणाचा जीव जात नाही, तोटा झाला तर कुणाचे भागधारक ओरडत नाहीत. हा आक्षेप अर्धा मान्य करायलाच हवा. रेल्वेचा समाजाशी आणि पैशाशी असलेला भाग बागेत येत नाही. वेळापत्रक लावून, मालाच्या खोट्या चिठ्ठ्या करून गाड्या चालवणारे हौशी लोक आहेत, पण तो खेळच राहतो. मात्र दुसरा अर्धा भाग, जमीन, पाणी, उष्णता, वजन आणि घर्षण यांच्याशी करायचा व्यवहार, पूर्ण खरा आहे. खेळात हरल्याचा परिणाम खेळापुरता असतो. चुकीच्या चढाचा, बुजलेल्या चराचा किंवा खिळवलेल्या रुळाचा परिणाम बागेत तसाच घडतो जसा मोठ्या मार्गावर घडेल. तयार संच विकत आणून हिरवळीवर गोल मांडला, तर एक दिवस तो खेळणंच असतो. तोच संच पावसाळाभर बाहेर ठेवून पुन्हा चालवायचा म्हटलं की मालकाला गँगमनचं काम शिकावं लागतं.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे: पैसा आणि जागा. या मापाचं चांगलं इंजिन महाग असतं, आणि शहरातल्या सदनिकेत बाग कुठून आणायची? आक्षेप खरा आहे, आणि हा छंद युरोप-अमेरिकेतल्या घरामागच्या अंगणात वाढला यामागे तेच कारण आहे. पण या प्रकरणाचा मुद्दा खरेदीचा नव्हता. चढ, चर, सांधा, वळण आणि वारा यांचं शिक्षण बाजारातल्या सर्वांत महागड्या इंजिनात मिळत नाही, ते दहा मीटर रूळ नीट टाकण्यात मिळतं. शाळेच्या मैदानाच्या कडेला, वसतिगृहाच्या मागच्या अंगणात किंवा गावाकडच्या वाड्यात तेवढी जागा निघू शकते. आठवी-नववीच्या मुलांना पुस्तकातलं घर्षण, उष्णतेने होणारं प्रसरण आणि वजन-पृष्ठभागाचं नातं शिकवायला याहून चोख प्रयोगशाळा सहसा मिळणार नाही. तेव्हा कुणाला सुरुवात करायचीच असेल, तर इंजिन शेवटी घ्यावं. आधी पाणसळ, दोरी, फावडं आणि घमेलंभर कोनदार कच आणावी, एक पावसाळा रूळ उघड्यावर राहू द्यावा आणि तो कुठे खचतो ते पाहावं. तो खचलेला भाग दुरुस्त करता आला की गाडी चालवायला हरकत नाही.